उताऱ्यात नसलेला कापूस

दोन वर्षांपूर्वी मी आर्णीच्या एका दवाखान्यात नर्स होते. परदेशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची ठरवली आणि दर रविवारी सकाळच्या एसटीने यवतमाळला क्लासला जायला लागले. बोलणं आणि ऐकणं जमत होतं. अडत होतं ते वाचन आणि लेखन.

वाचनात एक प्रश्न नेहमी असायचा. उतारा वाचायचा आणि खालची विधानं खरी, खोटी की 'उताऱ्यात दिलेलं नाही' ते ठरवायचं. एका रविवारी उतारा आला कापूस वेचणाऱ्या यंत्रांवर. मी मनात म्हटलं, आज पैकीच्या पैकी! आमच्या बंजारा तांड्यावर कापसाशिवाय दुसरं असतं काय? निकाल लागला तर तेरापैकी पाच.

"हाताने वेचलेला कापूस जास्त स्वच्छ असतो, हे तुम्ही खरं लिहिलंय," मॅडम म्हणाल्या. "उताऱ्यात कुठे आहे? बोट ठेवून दाखवा."

"उताऱ्यात नाही मॅडम, पण खरंच आहे ते. मी स्वतः वेचलाय."

"तुम्ही वेचलाय हो. पण लेखकाने सांगितलंय का?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण राग आलाच होता.

घरी आल्यावर तो उतारा मी आमच्या बोलीत करून आईबाबांना वाचून दाखवला. घरी आम्ही गोरबोलीत बोलतो, आईला याडी म्हणतो. ते बोलणं इथे वऱ्हाडीत लिहिते. बाबा तर पहिल्या विधानालाच उखडले. "खोटं हाय हे! यानं जल्मात कापसाची पऱ्हाटी पाह्यली नाही." पुढच्या प्रत्येक विधानावर त्यांचं लेखकाशी भांडण. मी कोणावर गेले, ते मला तेव्हा कळलं.

याडी तुरीच्या शेंगा सोलत होती. ती कधी शाळेत गेली नाही. तिला विचारलं, "याडी, हातानं वेचलेला कापूस साफ असते का?"

"असते ना. पण त्या कागदात तं त्यानं मशीनचंच सांगितलं. हाताचं कुठी सांगितलं?"

बाकीची बारा विधानंही तिला विचारली. अकरा बरोबर! वाचता येत नाही म्हणून ती आयुष्यभर कान देऊन ऐकत आली होती. समोरचा काय बोलला आणि काय नाही, हे तिच्या पक्कं लक्षात राहायचं. मग रोज ड्युटीवरून आले की मी एक उतारा आमच्या बोलीत करून तिला ऐकवायची. आधी माझी उत्तरं, मग तिची, मग पुस्तकातली. पहिला महिनाभर तीच जिंकली. मी चुकले की म्हणायची, "तू काहून आपल्या घरचं घालून राह्यली त्यात?"

लेखनाचं दुखणं वेगळं होतं. चाळीस मिनिटांत निबंध लिहायचा, आणि माझा निम्मा वेळ प्रस्तावनेतच जायचा. प्राचीन काळापासून मानव वगैरे. मॅडमनी सगळं वाचलं आणि शांतपणे विचारलं, "ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटबद्दल काय सांगता?"

"काय त्रास आहे, कधीपासून, काय दिलं, आता काय करायचं."

"प्राचीन काळापासून मानवाला ताप येतो, असं सांगता का?"

त्या दिवसापासून मी निबंध ड्युटी सोपवल्यासारखे लिहू लागले. माझं म्हणणं काय, का, उदाहरण काय, शेवटी काय ठरलं. वेळ उरायला लागला, तो मी स्पेलिंग तपासण्यात घालवायची.

परीक्षा नागपूरला झाली. निकाल मोबाइलवर आला तेव्हा मी दवाखान्यात होते. वाचनात साडेसात, लेखनात सात. मला लेखनात सातच हवे होते. मी व्हरांड्यात येऊन याडीला फोन लावला. ती शेतात बायांसोबत कापूस वेचत होती.

"याडी, पास झाली मी! लिवण्यात सात भेटले."

तिनं ते ओरडून सगळ्या बायांना सांगितलं. मग एका काकूचा आवाज आला, "सातच? अन् पास कशी केली वं तिले?"

"नऊपैकी सात!" मी फोनवर ओरडले, तेव्हा कुठे तिकडे हसू फुटलं.