कॅमेऱ्यापुढची शाल

सुमी गेल्याचं मला कुणी येऊन सांगितलं नाही. सकाळी सात वाजता मी तिला उठवायला गेले आणि हाताला लागलं ते गार अंग... उशीत तोंड खुपसून ती पालथी झोपली होती. झोपेतच फिट आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. याला आता सहा आठवडे झाले. एचएसआर लेआउटमधल्या आमच्या घरात अजूनही भांडं पडलं तरी मी धावते, आणि अर्ध्या वाटेत आठवतं की धावायचं कारण उरलेलं नाही.

सुमी माझी धाकटी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिला पहिली फिट सातवीत, शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी आली. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, गोतावळा मोठा, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची हा घरचा कायदा. आईनं मला शिकवून ठेवलं होतं, फिट आली की आधी पोरीच्या अंगावर काहीतरी टाक आणि मग पुढे उभी राहा. लग्नकार्यात, देवळात, एकदा तर मारतहळ्ळीच्या बस स्टॉपवर मी तेच केलं. आई गेली, सुमीचं लग्न राहूनच गेलं, माझ्या हातांची सवय मात्र गेली नाही. सुमी अंघोळीला गेली की दाराला कडी न लावता आतून मोठ्यानं ऑफिसातल्या गमती सांगत राहायची, ती ठीक आहे हे मला कळावं म्हणून. मधे श्वास घ्यायला थांबली तरी मी दाराशी जाऊन उभी राहायचे.

यंदा गोळ्यांचा उपयोग होईनासा झाला तेव्हा डॉक्टरांनी तिला पाच दिवस तपासणीला ठेवून घेतलं. डोक्याला वायरी चिकटवलेल्या, समोर कॅमेरा, आणि गोळ्या कमी करत फिटची वाट पाहायची. ती मेंदूत कुठून सुरू होते हे सापडलं, तर ऑपरेशन करून ती कायमची थांबण्याची आशा होती. जन्मभर जिला टाळलं तिलाच आवतण द्यायचं... सिस्टरनं दोनदा बजावलं होतं की बटण दाबा, पांघरूण काढा, कॅमेऱ्याच्या आड येऊ नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी चित्रान्न खाता खाता सुमीचा चमचा हवेतच थांबला. मी बटण दाबलं. आणि अंगावरची शाल तिच्यावर टाकून, कॅमेऱ्याला पाठ करून उभी राहिले. सिस्टर धावत आली, "अक्का, स्वल्प सरका!" मी सरकेपर्यंत सगळं संपलं होतं.

मेंदूचा आलेख मिळाला, पण आधी कुठला हात वळला, मान कुठे गेली, हे शालीखालीच राहिलं. उरलेल्या दोन दिवसांत फिट आलीच नाही. डॉक्टर रागावले नाहीत. चार महिन्यांनी पुन्हा या, तोवर घरी फिट आली तर फोनवर चित्रण करा, म्हणाले. परतताना रिक्षात मला रडू आवरेना. सुमीनं माझा हात धरला.

"अक्का, चोवीस वर्षं झाकलंस मला. एका दिवसात कशी सुटेल सवय?"

पुढे दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, हॉलमध्ये तिला फिट आली. मी तिला कुशीवर वळवलं आणि पायथ्याशी उभी राहून सगळं फोनवर घेतलं. या वेळी आड आले नाही. भानावर आल्यावर तिनं ते पाहायला मागितलं. स्वतःची फिट ती पहिल्यांदाच पाहत होती आणि मी भीत भीत तिच्या चेहऱ्याकडे.

"एवढंच?" ती म्हणाली. "आई इतकं झाकायची, मला वाटलं राक्षसीणच दिसत असेन."

त्यानंतर तीन आठवड्यांनी ती गेली.

तपासणीची ठरलेली तारीख गेल्या आठवड्यात आली. मी एकटीच गेले. डॉक्टरांनी चित्रण दोनदा पाहिलं. आधी डावा हात, हेच बघायला हवं होतं, म्हणाले. माझ्यामुळे उशीर झाला का, असं मी विचारलं. तसं सांगता येणार नाही, हे त्यांचं उत्तर. नाही, असं ते म्हणाले नाहीत. तेव्हापासून मनात जी भीती बसली आहे ती कुणाला सांगायची हे मला कळत नाही.

चित्रण फोनमध्ये आहे. रोज एकदा लावते. फिट आता मी न घाबरता पाहू शकते. शेवटी सुमी डोळे उघडते, "अक्का" म्हणते आणि उठून बसते... ती जागी होते तेवढंच पाहवत नाही.