पायडलातली काकवी

गंगाक्का गेल्याचा निरोप मला निपाणीच्या मोटारस्टँडवर मिळाला, बेळगावहून आलेल्या सर्व्हिस मोटारच्या ड्रायव्हरकडून. विषमज्वराचं निमित्त झालं म्हणाला. मी बेळगावला पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं, उरली होती ती फक्त शोकसभा. आज त्याला महिना होऊन गेला. माणसं अशा वेळी रडतात. मला रडू येत नाही, किळस येते... आणि ती त्या सभेमुळे.

अध्यक्ष होते तात्यासाहेब. आम्ही दोघी मावसबहिणी बेळगावच्या शहापुरात ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो ते घरमालक. खांद्यावर धुवट उपरणं, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "गंगाबाई सायकलवरून खेडोपाडी बाळंतपणं करीत हिंडली, त्यामागे आम्हा वडीलधाऱ्यांचं प्रोत्साहन होतं. माझा नातूसुद्धा तिच्याच हातचा. अडल्या बाईकडे ती कधी म्हणून उशिरा पोचली नाही." लोकांनी माना डोलावल्या. मेल्या म्हशीला मणभर दूध, ही जगाची रीत मला ठाऊक आहे. पण जित्या म्हशीच्या चाऱ्यात ज्याने माती कालवली, त्यानेच चरवी घेऊन धार काढायला बसावं? नंतर गुळाचा चहा आला. मी कप तसाच खाली ठेवला.

गंगाक्का एकदा उशिरा पोचली होती, आणि ते तात्यासाहेबांइतकं कुणालाच ठाऊक नाही.

ती खानापूरकडच्या शेतकरी घरातली. दवाखान्यात दाईचं काम शिकली, तिथेच नोकरीला लागली, आणि खेड्यांवर जायला बैलगाडीची वाट बघत बसणं नको म्हणून जुनी सायकल घेतली. नऊवारीचा काचा घट्ट मारून ती पहिल्यांदा गल्लीतून गेली त्या दिवशी दारादारांतून बायका बघत होत्या आणि पुरुष घसा खाकरत होते. तात्यासाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "इंदू, हे आपल्या गल्लीला शोभत नाही. बहिणीला समजाव." मी निरोप सांगितला. गंगाक्का म्हणाली, "गल्लीला शोभत न्हाय व्हय? मग गल्लीनं डोळं झाकावं की." तिला टोमणे ऐकू येत नसत असं नाही. तिला वेळ नसे.

महायुद्धाच्या आधीचा हिवाळा होता तो. गुऱ्हाळं चालू होती. एक दिवस घरी आली ती धापा टाकतच. "सायकल लई जड झालीय बघ इंदे. पायडल मारताना खालनं करकर करतंय. कुणीतरी मागनं धरून ठेवल्यागत वाटतंय." दुकानदाराकडे नेली, तर त्याने हातही न लावता निदान केलं: "आक्का, सायकलीला काय बी झालं न्हाय. बाईमाणसाच्या पायात जोर कुठला?" दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, टॉनिक घ्या. आणि जिन्यात भेटलेले तात्यासाहेब मिशीत हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळ्या शहराने तिचे पाय तपासले, सायकल कुणी तपासली नाही.

ती स्वतः तपासणार होती, पण त्याआधी कडोलीहून माणूस धावत आला. पहिलटकरीण, पोर आडवं. गंगाक्का तशीच निघाली. वाटेत पायडल इतकं अडकलं की त्यावर उभी राहिली तरी हलेना. मग पिशवी हँडलला अडकवून तिने ती सायकल ढकलत, पळत नेली. टाकून का दिली नाहीस, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "वाटलं आता सुटंल, आता सुटंल..." ती पोचली तेव्हा बाईला वाचवण्यापुरताच वेळ उरला होता, पोर गेलं. मुलगा होता.

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात गोणपाट पसरलं आणि सायकल उलटी केली. आधी मागचं चाक फिरवलं, ते मोकळं गरगरलं. ब्रेक कुठे घासत नव्हता. मग साखळी उतरवून ठेवली आणि नुसतं पायडल हाताने फिरवून बघितलं. करकर, आणि अडकलं. म्हणजे दुखणं चाकात नाही, साखळीतही नाही. दोन्ही पायडलांचा दांडा ज्या आडव्या नळीतून जातो त्या नळीत. तिथे तेल सोडायला एक भोक असतं, वर टिकलीएवढी झाकणी. त्या झाकणीवर काळ्या मुंग्यांची रांग लागली होती.

"इंदे, तेलाला मुंग्या लागत्यात व्हय गं?"

तिने पान्याने नळी उघडली. आतले छर्रे काळपट, चिकट लगद्यात रुतून बसले होते. तिने बोटावर घेतलं, वास घेतला आणि चक्क जिभेला लावलं. तिचा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. "गोड हाय," ती म्हणाली. "काकवी... आन् रेती."

मुंग्यांची रांग अंगणातून तात्यासाहेबांच्या पडवीत गेली होती, तिथल्या काकवीच्या घागरीपर्यंत. गुऱ्हाळाची पहिली काकवी त्यांच्याकडे दरवर्षी यायची. आम्हालाही वाटीभर द्यायचे. गंगाक्का ते बरबटलेलं बोट तसंच पुढे धरून त्यांच्यासमोर उभी राहिली. नाकारलं असतं तर निदान माणसाला लाज आहे असं तरी वाटलं असतं. ते हसले! "अगं, गंमत केली जराशी. तुझ्याच भल्यासाठी. सायकल जड झाली की आपोआप सोडशील, कुठे पडूनबिडून हातपाय मोडले म्हणजे?"

"काकवी गमतीची आसंल. रेती कशाची वो, तात्या?" तिने विचारलं. मग तिने कडोलीचं सांगितलं, मुलगा होता हेही सांगितलं. तात्यासाहेबांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "ज्याचं त्याचं नशीब."

मला तेव्हा जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. मी म्हटलं, आजच्या आज घर सोडू. ती म्हणाली, "आन् पोटुशी सून हाय त्यांची, तिला कोण बघणार?" पुढे त्याच सुनेच्या बाळंतपणात ती दोन दिवस माडी चढली नाही. तोच तो सभेत मिरवलेला नातू. या तिच्या चांगुलपणाचाही मला राग येतो, आज लपवत नाही.

तिने मात्र एक सवय लावून घेतली. रोज निघताना मागचं चाक उचलायचं, पायडल उलटं फिरवायचं, कान देऊन ऐकायचं, झाकणीवर बोट फिरवायचं आणि ते जिभेला लावायचं. लोक हसायचे. गूळ तिने पुन्हा खाल्ला नाही.

सभा संपल्यावर तात्यासाहेब माझ्याजवळ आले. सायकल वाचनालयात ठेवू म्हणाले, हार घालून, खाली पाटी लावून. पाटीवर कुणाचं नाव येणार ते मला विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, सायकलीला अजून काम आहे.

गंगाक्काच्या जागी शांता नावाची नवी नर्स आली आहे, कडोलीकडची खेडी आता तिच्याकडे. गेल्या रविवारी सायकल तिच्या हवाली केली. मागचं चाक कसं उचलायचं ते दाखवलं, पायडल फिरवून दाखवलं, आवाज ऐकवला. मग झाकणीवर बोट फिरवून जिभेला लावलं. तेलाचा कडवट वास, कडवट चव... जीव निवांत झाला.

पोरगी बघतच राहिली. "बाई, चाक ठीक हाय, आवाज ठीक हाय. चव कशाला बघायची?"

मी म्हटलं, "या गल्लीतून जायचं असेल तर बघायची."