ओहोटीच्या वेळचा उमेदवार

कुणीतरी नकाशावर रेघ मारली आणि आम्ही डोंबिवलीचे कारकून-मास्तर, ठाकुर्लीचे रेल्वेवाले आणि खाडीकाठचे कोळी एकाच मतदारसंघात येऊन पडलो. तोवर कोळीवाड्याशी आमचा संबंध एवढाच, की तिथली एक मावशी दारावर मासे घेऊन यायची. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. आई करवादायची, "अगं, आत्ताच सारवलंय अंगण! पाय धू आधी."

मावशीला काय हौस होती? त्यांच्या गावाला धड रस्ता नाही, सगळं होडीने. ओहोटी लागली की होड्या काठापासून लांबच रुतायच्या आणि बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चिखल तुडवत यायच्या. मावशीची सून भरल्या दिवसांत त्याच चिखलात पडली आणि पोटातलं मूल गेलं. तेव्हापासून मावशीचं एकच मागणं, दगडी धक्का बांधून द्या.

पहिल्या निवडणुकीत मी एका उमेदवाराचा कार्यकर्ता झालेलो. बिनपगारी, फुल अधिकारी! साहेब भरतीच्या वेळी होडीतून थेट काठावर उतरले आणि मावशीने दिलेलं शहाळं पीत म्हणाले, "धक्का झालाच समजा." अख्ख्या कोळीवाड्याने मतं दिली. मावशी तर नवं लुगडं नेसून गेलेली.

निवडून आल्यावर काय? आमच्या गल्लीत दिवे आले. आई खूश, शेजारी खूश. धक्क्याचं काढलं की साहेब म्हणणार, "बघू." अहो, पाच वर्षं नुसतं बघू? हेलपाटे घालून माझ्या डोक्याला ताप, आणि इकडे दारात मावशी विचारायची, "काय झाला धक्क्याचा, दादा?" सून पुन्हा गरोदर होती.

दुसऱ्या निवडणुकीला साहेब परत होडीत बसले. मीही बसलो. म्हटलं, आज काय ते समोरासमोर होऊनच जाऊ दे. या खेपेला नेमकी ओहोटी. होडी रुतली. पाहुण्याला खांद्यावरून न्यायची तिथली रीत, म्हणून दोघे कोळी पुढे झाले, तर काठावरून मावशी ओरडली, "कुनी उचलू नका! आमी रोज उतरताव, आज त्यांना पन उतरू दे."

साहेबांनी आपलं पांढरंशुभ्र धोतर पाहिलं, चिखल पाहिला आणि म्हणाले, "थांबू. भरती येईलच." मला असा संताप आला! चपला हातात घेऊन मी उतरलो आणि पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत आत गेलो. साहेब मात्र दुपार कलेपर्यंत होडीत बसून राहिले आणि पाणी चढताच होडी वळवून परत गेले.

आणि निवडून आले! कोळीवाड्यातून एक मत मिळालं नसेल, पण आमच्या गल्ल्यांची मतं पुरून उरली.

निकालानंतर मावशी आली. पाय तसेच. आज आई ओरडली नाही. तिने स्वतःच तांब्या आणला आणि मावशीच्या पायांवर पाणी घालू लागली.

"सुनेला मायेरी पाठवली, बाय," मावशी म्हणाली. "पोर होईपरत तिकडंच ऱ्हा म्हटलं." मग पाय चोळता चोळता तिने विचारलं, "तुमी कुनाला दिलं मत?"

आई खाली मान घालून पाणी ओतत राहिली.