काकांनी गाडी स्वतः दिली

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, सकाळी, पाथरीतल्या आमच्या गल्लीने फोटो स्टुडिओवाल्या काकांवर अन्याय केला. गल्ली माझीही आहे, म्हणून मोघम लिहीत नाही. ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाचा फोटो न विचारता काढला नाही, त्याचा व्हिडिओ आपण न विचारता काढला आणि ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, 'काकांची गाडी उचलली.'

गाडी कुणी उचलली नाही. लोक लग्नाचे फोटो मोबाइलवर काढायला लागले, स्टुडिओ बसला, कॅमेऱ्याचं आणि गाडीचं कर्ज अंगावर आलं, तेव्हा काकांनी परभणीच्या कोर्टात स्वतः नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज दिला. वकील म्हणाले, हप्त्यावरची गाडी फायनान्स कंपनीला परत करा. मानवतच्या मेव्हण्याच्या शेतातल्या आखाड्यावर ती झाकून ठेवा, असे शहाणे सल्ले देणारे गल्लीत होतेच. काका म्हणाले, "तिला कशाला लपवायचं? तिनं काय चोरी केली का?" आणि कंपनीला फोन लावला.

काकांचं सगळंच असं. ओळखपत्राच्या फोटोला मी गेलो, तर आधी पाणी दिलं, मग माझी कॉलर सारखी केली, मग बराच वेळ माझ्याकडे बघून म्हणाले, "हसू नको, पर भांडायला आल्यावानी बी बसू नको. तुझं लय अवघड हाय." रिकामी गाडी चालवणं त्यांना पाप वाटे. एकदा मानवतला लग्नाच्या फोटोंना निघाले आणि स्टँडवर ताटकळलेल्या एका आजीला भलत्याच दिशेच्या गावी सोडून आले. तिकडे मंडपात आरडाओरडा. काका शांत. "नवरदेव कुठं पळून चाललाय? आजीची शेवटची गाडी गेलती."

त्या सोमवारी कंपनीची वसुलीची दोन पोरं आली तेव्हा गाडी धुतलेली, टाकी भरलेली.

"काका, टाकी कशाला भरली?"

"अर्ध्या वाटंत बंद पडली तर मला शिव्या द्याल."

मग डावं दार उचलून लावावं लागतं, दुसरा गिअर हळू टाका, असं पोरीला सासरी धाडताना सांगावं तसं समजावत राहिले. पोरांनी चहा घेतला, जाताना पाया पडले. हे एकाच्याही व्हिडिओत नाही.

व्हिडिओ मानवतला पोचला आणि तिथल्या एका घराने साखरपुड्याचं काम काढून घेतलं. हातात राहिलेलं तेवढं एकच काम होतं. ज्याच्या बायकोला काकांनी बाळंतपणाला याच गाडीतून परभणीला नेलं, त्या शेजाऱ्याला मी म्हणालो, व्हिडिओ काढून टाक. तो म्हणाला, "सगळेच टाकायलेत. माझ्या एकट्यानं काय व्हतंय?"

काकांनीही तो पाहिला. मला वाटलं, आता तरी चिडतील. त्यांनी मोबाइल जरा लांब धरला, म्हणाले, "उजेड पाठीमागून घेतलाय. पोरांची तोंडं बी दिसंनात." बस, एवढंच. हल्ली भाजीला मागच्या बोळातून जातात. संध्याकाळी स्टुडिओचं शटर अर्धं वर असतं, आत दिवा लावलेला असतो, गिऱ्हाईक नसतं.

तुमच्या मोबाइलमध्ये तो व्हिडिओ असेल तर आत्ता पुसा. ज्या ग्रुपवर टाकलात, तिथेच लिहा, 'गाडी काकांनी स्वतः बोलावून दिली.' आणि घरात कार्य निघालं असेल, तर पुढच्या दाराने त्यांच्याकडे जा आणि काम त्यांना सांगा.