पाचवं कुलूप

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मी सेफ्टी ऑफिसर आहे. काही घडलं की कारण शोधायचं आणि कागदावर लिहायचं, हेच माझं काम. स्वभावही खडूस, असं लोक म्हणतात. तेव्हा वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा...

मूळची मी सांगलीची. आमची फॅक्टरी बेंगळूरला, इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढे, आनेकलच्या वाटेवर. मसाल्याच्या पावडरी बनतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रॉडक्शन बंद असतं, मशीनची दुरुस्ती-सफाई चालते. बाकी सगळे सुट्टीवर. आमचे हे गेल्यापासून ती ड्यूटी मी मागून घेते. मुलगा कॅनडात. फ्लॅटवर भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे कुणावर तरी ओरडलेलं बरं.

दुरुस्तीचा नियम साधा आहे. मशीनच्या आत जाणाऱ्याने मेन स्विचला स्वतःचं लाल कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. चार माणसं आत, तर चार कुलपं. शेवटचं निघेपर्यंत मशीन सुरूच होऊ शकत नाही.

तीन वर्षांपूर्वी मोठ्या मिक्सरचं काम होतं — खोलीएवढं आडवं लोखंडी पिंप, आत फिरणारी पाती. सकाळी मी चार मेकॅनिकांना चार कुलपं दिली, कागदावर चार नावं लिहिली. सफाईवाली लक्ष्मम्मा तिथेच फडकी पिळत होती. मला म्हणाली, "मेडम, तिंडी आयता?" म्हणजे नाश्ता झाला का. त्या आठवड्यात माझी एवढी चौकशी करणारी ती एकटीच. झाला नव्हता, तरी मी हो म्हटलं.

बाराला दुरुस्ती संपली. जेवून आलो की मशीन चालवून बघायचं ठरलं. कुलपं तशीच होती. मी बाहेर उन्हात बाकावर बसले, मुलाला फोन लावला... उचलला नाही. तिकडे मध्यरात्र, हे कळत होतं, तरी लावला. डबा तसाच परत बांधला.

दीडला शिंदेअण्णा घाई करू लागले. हे मेंटेनन्सचे सुपरवायझर, चार पिढ्या बेंगळूरचे मराठी. म्हैसूरहून लेक आणि नातवंडं आलेली, त्यांचं सगळं लक्ष घराकडे. चौघांनी आपापली कुलपं काढली. आणि स्विचवर एक कुलूप उरलं.

"हे कुणाचं रे?" अण्णांनी विचारलं. चौघांनी आपापली कुलपं दाखवली. लाल, आमच्यासारखंच, पण त्यावर नंबर नाही. आमची बारा कुलपं नंबरांची. पेटी उघडून पाहिली, तर चौघांच्या हातातली धरून बाराच्या बारा हजर.

"चेष्टा केली असेल कुणीतरी, मॅडम. कापून टाकतो, स्वल्प काम आहे. सरी ना, चालेल ना?"

खरं सांगते, मीही वैतागले होते. 'आत कोणी नाही' अशी सही मी बारालाच ठोकून बसले होते. पण कुलूप कापायचं तर आधी आत बघायचं, हा नियमही माझाच. कुरकुरत शिडी चढले, अर्धवट लोटलेलं झाकण सरकवलं, टॉर्च मारला.

पात्यांच्या खाली लक्ष्मम्मा आडवी होऊन तळ खरवडत होती. कानात इअरफोन.

ते कुलूप नसतं तर... पुढचं वाक्य मी आजही पूर्ण करत नाही.

"दुरुस्ती झाली की आतून पुसून घे, अक्का," असं सकाळी अण्णांनीच तिला सांगितलं होतं, आणि साफ विसरले होते. पण कागद माझा होता. त्यावरच्या चार नावांत तिचं नाव नव्हतं. सफाईवालीला कोण कुलूप देतं? मीही दिलं नव्हतं.

"काळ आला होता, पण वेळ आली नव्हती," अण्णा पुटपुटत राहिले. म्हण ठीक आहे हो, पण कुलूप लावलं कुणी? कॅमेऱ्यात लंचच्या वेळी शेडमध्ये जाणारी फक्त लक्ष्मम्मा दिसते, हातात बादली. ते फुटेज मी तीनदा पाहिलं.

संध्याकाळी तिला चहा दिला आणि विचारलं, एकटी आत कशी उतरलीस, भीती नाही वाटली?

"एकटी कुठे? तुम्ही होतात की. स्विचपाशी, कुलपावर हात ठेवून. मी विचारलं, मेडम, इद्दीरा? तुम्ही मान हलवलीत. म्हणून तर उतरले."

इद्दीरा, म्हणजे आहात ना.

मी नव्हते. मी बाकावर होते, कुणी न उचललेला फोन कानाला लावून. असायला मात्र तिथेच हवं होतं, आणि याची लाज अजून जात नाही.

कापलेलं कुलूप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. रिपोर्टमधला 'कारण' हा रकाना मी कोरा सोडला, एवढ्या नोकरीत पहिल्यांदाच. आजही त्यात लिहायला माझ्याकडे काही नाही.

आता लक्ष्मम्माचं स्वतःचं कुलूप आहे, तेरा नंबरचं. दर डिसेंबरात ती ते लावून आत उतरते आणि मी स्विचपाशी उभी राहते. थोड्या थोड्या वेळाने आतून हाक येते, "मेडम, इद्दीरा?"

"इद्दीनी," मी म्हणते. आहे.

घरी गेल्यावर हे विचारणारं कुणी नसतं.