गिरणीच्या रांगेत नवरीची गाडी

भाचीच्या लग्नात मामाचं काम एकच. मंगलाष्टकांआधी तिला हाताला धरून बोहल्यावर आणायचं. मी मात्र आणखी एक कबूल करून बसलो होतो. जाफराबादच्या पार्लरमधून टेंभुर्णीच्या मांडवापर्यंत तिला माझ्या नव्या, विजेवरच्या गाडीतून आणायचं. घरातला पहिला पदवीधर मी आणि पहिली गाडीही माझीच. आनंदाने मला दोन रात्री झोप नव्हती.

बहीण म्हणाली होती, "चार्जिंगचं कुणाला तरी विचारून घे." मी तिला मोबाइलवरचा नकाशा दाखवला. जाफराबादवर चार्जिंगचा हिरवा ठिपका होता. लिहिलेलं खरं मानत मानतच मी शिकलो, म्हणून विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी पार्लरमधून भाचीला घेऊन गेलो, तर ठिपक्याच्या जागी यंत्र होतं. त्याला शेळी बांधलेली होती.

"दिवाळीपासून बंद हाय," शेजारचा चहावाला म्हणाला. "शेळीला मातर सावली चांगली पडती."

गाडीत सहा किलोमीटरपुरती वीज, टेंभुर्णी दुपटीहून लांब आणि मुहूर्ताला दीड तास.

"जीप करू," मी म्हणालो.

"बिलकुल न्हाई! मैत्रिणींना सांगून ठेवलंय, मामाच्या गाडीतूनच उतरणार." शालू सावरत भाचीने शेळीकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना.

चहावाल्याने आम्हाला पिठाच्या गिरणीवर पाठवलं. गिरणीवाले काका लगेच तयार झाले. "पण गिरणी चालू असली की विजेचा दाब कमी पडतो, तुमची गाडी वीज घेणार न्हाई. दोन्हीतलं एकच."

ओट्यावर सात डबे रांगेत होते आणि डब्यांमागे सात बाया.

"पाव्हणं, नंबरानं घ्या," पहिल्या डब्याची म्हातारी मला म्हणाली. "डबा न्हाई तं नंबर न्हाई."

भाची उतरली. डिकीतून रुखवताच्या लाडवांचा डबा काढून तिने रांगेच्या शेवटी ठेवला. "घ्या. आठवा नंबर माझा."

"अगं माय, आठव्या नंबरानं तुझं लग्न उद्या लागंल!" म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. "सरका गं बायांनो! नवरीचा डबा पुढं घ्या."

सातही डबे मागे सरकले. काकांनी मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीने पहिला डबा उचलला, झाकण काढलं आणि गिरणीच्या तोंडात ओतायला वाकवला.

"काका, लाडू!"

तोवर दोन लाडू आत गेले होते. "कुणाचं तरी पीठ गोड येतंय आता," काका म्हणाले आणि त्यांनी गिरणी बंद केली. गाडीवरचा हिरवा दिवा लुकलुकला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मग आम्ही तासभर ओट्यावर बसून उरलेले लाडू संपवले. स्वतःचं काम थांबलेलं असूनही त्या बायांपैकी कुणी एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

मांडवाशी पोचलो तेव्हा कर्ण्यावरून तिसऱ्यांदा पुकारा चालला होता, "मामांनी मुलीला घेऊन यावं." गाडीत शेवटच्या एका किलोमीटरपुरती वीज उरली होती. बहिणीने रिकामा डबा पाहिला, मुलीच्या भुवईवरचं पीठ पाहिलं. बोलायला मात्र वेळच नव्हता. मी भाचीचा हात धरला. दोघांचेही हात पिठाने माखलेले.

अंतरपाटामागे तिचे खांदे गदगदत होते. "रडती बिचारी," पाहुण्या म्हणाल्या. मी तिच्या मागेच उभा होतो, मला तिचं खुदखुदणं ऐकू येत होतं. मीही रुमालात तोंड लपवलं.