खुनांची नोंद ठेवणाऱ्या अक्का

“झाला? आपोआप झाला?”

पेन्सिल उलटी धरून अक्का मॉनिटरवर टकटक करायच्या आणि एवढंच विचारायच्या. आमच्यापैकी कुणीतरी लिहिलेलं असायचं, ‘घरगुती भांडणात महिलेचा मृत्यू झाला.’ मग ते वाक्य खोडायचं आणि नव्याने लिहायचं. मारलं कोणी, आणि तो तिचा कोण होता. त्याशिवाय त्या पुढे सरकू देत नसत.

बेंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये एका डेंटिस्टच्या दवाखान्यावर आमचं ऑफिस होतं. देशभरातल्या खुनांची माहिती एका जागी आणून संशोधकांसाठी डेटाबेस उभा करायचा, हे आमचं काम. कोर्टाचे निकाल, पोलिसांकडची माहिती, निरनिराळ्या भाषांतली वर्तमानपत्रं. खाली ड्रिल घरघरतंय आणि वर आम्ही खून वाचतोय. एकच माणूस तीन कागदांवर तीन वेगळ्या स्पेलिंगांनी मेलेला सापडायचा. “त्याला एकदाच मरू दे,” अक्का म्हणायच्या.

त्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. सुती साडी आणि पायात पळायचे बूट. घराणं पिढ्यानपिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. “स्वल्प थांब”, “सरी, पुढचं काढ”. मी निपाणीची, मला ते घरच्यासारखं वाटायचं. पुण्याहून आलेले सहकारी मात्र सुरुवातीला अर्थासाठी माझ्या तोंडाकडे बघायचे.

एकदा ऑटोवाल्याने त्यांना विचारलं, “अक्का, काय काम करता?” त्या सहज म्हणाल्या, “खून.” वाटेत तो एक अक्षर बोलला नाही, आणि उतरताना त्याने स्वतः खाली उतरून त्यांची पिशवी फाटकापर्यंत नेऊन दिली. ही गोष्ट सांगताना त्या इतक्या हसायच्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागायचे.

जेवताना कामाचं बोलायला बंदी होती. डबा उघडला की त्या सगळ्यांच्या ताटात थोडी थोडी मूगडाळीची कोसंबरी वाढायच्या आणि कुणाचं लग्न कुठवर आलं याची चौकशी करायच्या. दिवसभर ते सगळं वाचणाऱ्या माणसांना काय लागतं, हे त्यांना कळत होतं.

एका बाबतीत मात्र त्या कठोर होत्या. पोलिसांनी खून म्हणून नोंदवलेली प्रकरणंच आत घ्यायची. नियम त्यांनीच घातलेला. आम्ही तरुण मंडळी वाद घालायचो, की अमुक बाई जळून मेली ते अपघात वाटत नाही. त्या ऐकून घ्यायच्या. “मलाही वाटत नाही. पण शंकेची बेरीज होत नाही, बाळ. एक शंका आत घेतलीस की उद्या खरे खूनही कुणी मानणार नाही.”

मग एका दुपारी शहराबाहेरच्या होसकोट्याहून एक बाई आली. साठीच्या आसपासची. आमच्या कामाबद्दल कन्नड पेपरात थोडं छापून आलं होतं, ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं होतं. देशातले सगळे खून इथे लिहून ठेवतात, एवढंच तिच्या मनात राहिलेलं. तिने मुलीचा फोटो टेबलावर ठेवला. कारखान्याचा निळा कोट घातलेली, गळ्यात ओळखपत्र.

“हिचं नाव आहे का बघा.”

मी शोधलं. नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, नवरा मारायचा, ती माहेरी यायची, समजूत घालून परत पाठवलेली. एका सकाळी फोन आला की गळफास घेतला. पोलिसांनी आत्महत्या म्हणून प्रकरण मिटवलं होतं. आई सांगत होती की हातांवर वळ होते, बांगड्या फुटलेल्या होत्या, ते कुणी लिहूनच घेतलं नाही.

अक्कांनी तिला कन्नडमध्ये नियम समजावला. हळू, एकेक शब्द सुटा करून. बाईने सगळं ऐकलं.

“म्हणजे तुम्हीपण त्यांनी लिहिलंय तेच लिहिता?”

बाईने फोटो पदराने पुसला आणि पिशवीत ठेवला. अक्का तिला जिन्याखालपर्यंत सोडायला गेल्या, त्या बराच वेळ वर आल्याच नाहीत. मी खाली जाऊन पाहिलं, तर डेंटिस्टच्या बाकावर पेशंटांमध्ये बसून होत्या.

त्यानंतर त्या होसकोट्याला जाऊ लागल्या. दोनदा मी बरोबर होते. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली. “अम्मा, केस बंद झाली. आता काय करता येतं?” बाईने कोर्टात फेरतपासाचा अर्ज केला. तारखेला दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर शेजारी बसायच्या. पुढची तारीख घेऊन परत यायच्या.

इकडे ऑफिसात अक्कांनी दुसरा विभाग करायला घेतला. सासरी झालेले असे मृत्यू, जे आत्महत्या किंवा अपघात म्हणून मिटवले आणि ज्यांच्या घरचे खून म्हणतात. वेगळे ठेवायचे, पण ठेवायचे. कामाला पैसे देणारी संस्था हादरली. व्हिडिओ कॉलवर त्यांचे मुख्य सल्लागार म्हणाले, “मॅडम, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. असं केलं तर आकड्यांवर विश्वास कोण ठेवेल?”

“कुणी नाही ठेवणार,” अक्का म्हणाल्या.

“मग?”

“मग मला सांगा, त्या बाईला मी काय सांगू?”

कॉल संपल्यावर मी त्यांना पाणी दिलं. “तो बरोबर बोलतोय ग,” त्या म्हणाल्या. “चूक असता तर भांडले असते.” त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. शिकवण्यात सगळी हयात गेलेल्या अक्का माझ्याकडे बघत होत्या, मला काही सुचतंय का म्हणून.

काही महिन्यांत पैसे थांबले आणि ऑफिस बंद झालं. पहिला विभाग एका विद्यापीठाने घेतला. दुसरा कुणालाच नको होता. अक्का तो घरी बसून एकट्या वाढवत राहिल्या. मला फोन करून विचारायच्या, “हिच्या भावाचं म्हणणं घेऊ का? तो त्या गावात नव्हता. नको ना?” स्वतःचाच नियम मोडायचा आणि तोही काटेकोरपणे, अशी त्यांची ओढाताण चालली होती. पुढे पुढे त्या एकाच प्रकरणाबद्दल पुन्हा पुन्हा विचारू लागल्या. मी सर्जापूर रोडवरच्या कंपनीत लागले होते. मीटिंगमधून उठून, जिन्यात उभी राहून त्यांना तेच उत्तर परत देत असे.

होसकोट्याचा अर्ज फेटाळला गेला. नवा पुरावा नाही, असं कोर्टाने म्हटलं. त्या दिवशी अक्का बाईच्या घरी गेल्या. दोघींनी चूल पेटवली नाही, असं बाईनेच मला नंतर सांगितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत अक्कांना अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. मी भेटायला जायचे तेव्हा त्या माझी बोटं घट्ट धरून ठेवायच्या, आणि तोंडातून शब्द फुटेना की रागाने मान फिरवायच्या. पावसाळ्याच्या शेवटी त्या गेल्या.

गेल्या महिन्यात त्या विद्यापीठाने आमच्या डेटाबेसवर कार्यक्रम ठेवला होता. मलाही बोलावलं. बोलणारा तरुण संशोधक होता, हुशार आणि नम्र. त्याने पडद्यावर अक्कांचा फोटो दाखवला आणि म्हणाला, “मॅडमनी नियमाला कधी धक्का लागू दिला नाही, म्हणूनच या माहितीवर आज जगात विश्वास ठेवला जातो.” टाळ्या झाल्या. मग नकाशा आला. विवाहित स्त्रियांचे खून जिथे जास्त, तिथे रंग गडद.

होसकोटे जवळजवळ पांढरं होतं.

मी हात वर केला. संशोधक माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. तेवढ्यात सूत्रसंचालिकेने चहा तयार असल्याचं सांगितलं आणि माणसं खुर्च्या सरकवत उठू लागली.